बशी दिसेनाशी होईपर्यंत

अमरावतीहून पुण्याला मी चार दिवसांसाठी गेले, ते एक डबकं बघायला. डबकं हा शब्द माझा नाही, आमच्या शेजारच्या वानखेडे सरांचा आहे. सर आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून निवृत्त झाले. त्यांची मुलगी मीनल पुण्यात एका शिक्षणसंस्थेत संशोधन करते, आणि नेमकं काय करते हे सरांना आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. मी निघायच्या आदल्या दिवशी ते फाटकाशी आले. हातात मुलीसाठी मुगवड्यांचा डबा होता.

"तुम्ही तिकडे जाऊनच राहिल्या, तर जरा बघून या," ते म्हणाले. "पोट्टी म्हणते, शेवाळापासून डिझेल करते. डबक्यातून डिझेल निघते काय? निघत असन तर आपल्या इथल्या नाल्या काय वाईट आहेत?"

मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर नोकरी केली, आता पुरवण्यांसाठी लिहिते. इंधनाच्या पर्यायांवर एक लेख हवाच होता. सरांना म्हटलं, बघून येते आणि एका वाक्यात सांगते.

सोमवार, कर्वेनगर

मीनलचं घर कर्वेनगरात, चार मजली सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत बुद्धाची पितळी मूर्ती आणि आजोबांचा फोटो. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन परतताना त्यांनी गावाबाहेरच्या फोटोवाल्याकडे काढून घेतलेला. ते सोडलं तर घर म्हणजे प्रयोगशाळेची शाखा आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत पाच चंबू, त्यात हिरव्या रंगाच्या पाच छटा. त्यांच्याशेजारी मिठाची बरणी.

"काकू, चहा तुम्हीच घ्या करून," ती म्हणाली. "मी ढग बघून येते." ती गच्चीवर गेली आणि दोन मिनिटांत परत आली. ढग नव्हते. तरी तिने फोनवर हवामान पाहिलं. चहा उभ्यानेच प्यायली. चार दिवसांत मी तिला जेवताना सोडून कुठे बसलेली पाहिली नाही, आणि जेवतानाही तिचा एक पाय हलत असे.

त्याचं कारण तिने जिन्यातच सांगितलं. गुरुवारी सकाळी अकराला संस्थेचे विश्वस्त तिचं शेवाळाचं तळं बघायला येणार होते. मुलींच्या वसतिगृहामागची ती जागा तिला तात्पुरती मिळालेली. आता तिथे दुचाक्यांसाठी पार्किंग करावं असा प्रस्ताव होता. गुरुवारी बघून ठरवणार. तळं राहिलं तर काम राहील. नाही तर चंबू घेऊन घरी.

तळं चाळीस पावलं लांबीचं आहे, लंबगोल, मधोमध भिंत, धावपटूंच्या मैदानासारखं. खोली जेमतेम कोपराएवढी. एका टोकाला विजेच्या मोटरवर फिरणारं पात्यांचं चाक पाणी सावकाश ढकलत राहतं, त्यामुळे पाणी गोल फिरतं. रंग पालकाच्या पातळभाजीचा. वास ओल्या गवताचा. कडेला उंचावर एक सिमेंटची टाकी, तिचा वास मात्र वेगळा. वसतिगृहातल्या न्हाणीघरांचं आणि मोऱ्यांचं पाणी गाळून, निवळून तिथे येतं आणि रोज दुपारी थोडं तळ्यात सोडलं जातं. त्या पाण्यात जे आपल्याला नको असतं, तेच शेवाळाचं खाद्य.

टाकीजवळ काळ्या बादल्यांची रांग होती, पाण्याने भरलेली, झाकणं नसलेली. मी विचारलं, ही कशाला?

"उन्हाने तळ्यातलं पाणी कमी होतं ना, ते भरून काढायला नळाचं पाणी लागतं. पण नळाला क्लोरिन असतं. तुम्हाआम्हाला चालतं, ह्यांना नाही. थोडंसं गेलं तरी मरतात. म्हणून एक दिवस उन्हात उघडं ठेवायचं, मग टाकायचं." मी ते वहीत लिहिलं. पान तीन.

तळ्याची राखण बबनरावांकडे आहे. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मुळशीकडच्या गावचा, वसतिगृहाची देखभाल सव्वीस वर्षं करतो. पाणी सोडणं, चाक बघणं, जाळीतला कचरा काढणं, हे सगळं मीनलने सोपवल्यावर त्यांनी आपल्या पद्धतीने अंगावर घेतलं आहे.

"ढवळत राहावं लागतंय, ताई," त्यांनी मला समजावलं. "न्हाईतर खाली बसतंय म्हशीवानी. आन बसलं की उठत न्हाई."

शेवाळ दाट झालं की नाही हे मोजायला प्रयोगशाळेत यंत्र आहे. बबनरावांकडे बशी आहे. चहाची पांढरी बशी तारेने काठीला आडवी बांधलेली. ती पाण्यात हळूहळू खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की काठी किती बोटं बुडाली ते मोजायचं. त्या दिवशी पाच बोटांवर बशी गेली.

"चार झाली की पीक तयार," बबनराव म्हणाले. "गुरुवारपर्यंत चार व्हनार. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

मंगळवार, कोथरूड

सकाळी काढणी. तळ्यातलं थोडं पाणी एका ड्रममध्ये घेतात, तुरटी घालून निवळू देतात, आणि तळाशी बसलेला हिरवा गाळ सुती कापडातून गाळतात. हे कापड म्हणजे बबनरावांच्या घरातली जुनी धोतरं. धोतराहून चांगलं कापड प्रयोगशाळेच्या पुरवठादाराकडे नाही, असं मीनलने गंभीरपणे सांगितलं. एवढ्या मोठ्या ड्रममधून हाती आला तो गाळ दोन वाट्या भरेल एवढा. तो ताटांत पसरून उन्हात ठेवला. वाळल्यावर त्याच्या पापड्या होतात, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मच्छरदाणी पसरतात. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालतात तेव्हा कावळे राखायला कुणी तरी बसतं. इथे कावळे फिरकत नाहीत. त्यांनी एकदा चाखून बघितलंय, असं बबनराव म्हणाले.

दुपारी संस्थेच्या कोथरूडमधल्या प्रयोगशाळेत गेलो, मीनलच्या स्कूटरवर. पुण्यात बायका स्कार्फ असा गुंडाळतात की फक्त डोळे राहतात, आणि त्या डोळ्यांनीच हॉर्नचं काम करतात. मला तिचा जादा स्कार्फ मिळाला. सिग्नलला तो सुटला, मागच्या माणसाच्या हेल्मेटवर जाऊन बसला. त्याने तो काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "नको आहे मला. घरी बरेच आहेत." हिरवा दिवा लागला, तो गेला.

जेवण एका खानावळीत. आमटीत गूळ. तीन माणसं माझ्या पाठीमागे खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत उभी होती आणि तिघांनी मिळून माझा शेवटचा घास मोजला. आमच्याकडे जेवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं वाईट समजतात. इथे ती रांग आहे.

प्रयोगशाळेत पुढची प्रक्रिया पाहिली. वाळलेल्या पापड्या कुटतात. त्यातलं तेल रसायनात उतरवतात, मग रसायन उडवून लावतात. उरलेल्या तेलात मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवतात. थोड्या वेळाने काचेच्या नरसाळ्यात दोन थर होतात. खालचा जाड, ते ग्लिसरीन. वरचा पातळ, मधाच्या रंगाचा, ते डिझेलच्या जागी चालणारं इंधन. अवघड काही नाही. हायस्कूलच्या मुलांना करून दाखवता येईल.

आजवरच्या सगळ्या पिकाचं इंधन कपाटात होतं. मीनलने ते काढून टेबलावर ठेवलं. खोकल्याच्या औषधाची असते तेवढी बाटली, गळ्यापर्यंत भरलेली.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

"ह्यावर बस कधी चालेल?"

ती हसली नाही. "आज नाही. उद्याही नाही. जमिनीतलं तेल काढण्यापेक्षा हे कितीतरी महाग पडतं. गाळण्यात आणि वाळवण्यातच बरीच शक्ती जाते. जगात मोठमोठ्या लोकांनी हे करून सोडून दिलंय, काकू, तेही लिहा. पण ह्याला शेत लागत नाही, गोडं पाणी लागत नाही, आणि मोरीचं पाणी जाताना स्वच्छ होऊन जातं. माझा प्रश्न एवढाच आहे की शहरातल्या एका इमारतीचं घाण पाणी त्या इमारतीच्या कामाचं किती इंधन देऊ शकतं. किती, ते मला मोजायचंय. थोडं असेल तर थोडं लिहीन." बोलताना ती बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती. "पण मोजायला वर्षाचे सगळे ऋतू लागतात. पावसाळा झाला, हिवाळा होत आला. उन्हाळा राहिलाय. तेवढ्यासाठी जागा पाहिजे."

गुरुवारचा बेत तिने सांगितला. एक छोटं डिझेल इंजिन आणायचं, त्यात ही बाटली ओतायची आणि पट्ट्याने तळ्याचं चाक फिरवायचं. तळ्याच्या पिकावर तळं फिरताना विश्वस्तांनी बघावं. बाटली एकच होती, त्यामुळे आधी चालवून बघायची सोय नव्हती.

बुधवार, वसतिगृहामागे, मग येरवडा

मीनल सकाळी सादरीकरणाच्या तयारीसाठी कोथरूडला गेली. मी सातला तळ्यावर पोचले. बबनराव पाचपासून तिथे होते.

विश्वस्त येणार म्हटल्यावर वसतिगृहात काय काय होतं ते मी क्रमाने लिहून घेतलं. झाडांच्या बुंध्यांना कमरेएवढा चुना. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना. गटारांच्या कडेने ब्लीचिंग पावडरची पांढरी रेघ. सुकलेल्या कुंड्या गच्चीवर, गच्चीवरच्या हिरव्या कुंड्या खाली. फाटकाला तेल, फाटकाच्या कुत्र्याला हाकलणं. बबनराव हे सव्वीस वर्षं करत आले आहेत आणि सव्वीस वर्षांत एकाही पाहुण्याने त्यांच्या कामात खोट काढलेली नाही. ते एका जागी क्षणभर उभे राहत नव्हते. त्यांच्यामागे वही घेऊन फिरताना मलाही बसायला झालं नाही.

आठला ते टाकीवर चढले.

"डबक्याला हात लावनार न्हाई, मॅडमची शप्पत," ते वरून म्हणाले. "पन ह्या टाकीचा वास लई वाईट. संस्थेची मोठी बाई नाकाला पदर लावनार आन मॅडमचं नाव खराब व्हनार." त्यांनी टाकी रिकामी केली, खराट्याने घासली, पाइपाने धुतली. वसतिगृहाचं पाणी पुन्हा भरू दिलं. मग नऊ चाळीसला फडक्यात तीच पांढरी पावडर बांधली, मुठीएवढी पुरचुंडी केली आणि दोरीने टाकीत सोडली.

"गावाकडं इहिरीत आशीच सोडायची पावसाळ्यात," ते म्हणाले. "ग्रामपंचायतीत धा वर्सं त्येच काम केलं मी. वास बी जातो, जंतू बी जात्यात. कुनाला हागवन लागली न्हाई धा वर्सांत."

वास ओळखीचा होता. पोहण्याच्या तलावाचा. मी वेळ लिहिली, पुरचुंडी लिहिली, दहा वर्षं आणि हागवण लिहिलं. मग पान उलटून विचारलं, तुमचं गाव नेमकं कुठलं. पान अकरा.

दुपारी दोनला बबनरावांनी रोजच्यासारखी टाकीची तोटी फिरवली आणि पाणी तळ्यात सोडलं. त्याच वेळी मीनल मला न्यायला फाटकाशी आली, आत न येता. येरवड्याला जायचं होतं, उशीर झाला होता.

येरवड्यात तुरुंगाच्या भिंतीपासून थोडं पुढे हनीफभाईंचं गॅरेज आहे. शेतातल्या पंपांची जुनी इंजिनं ते दुरुस्त करतात आणि भाड्यानेही देतात. मीनलने बाटलीचा आकार हाताने दाखवला तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, एवढं तर माझ्या इंजिनच्या टाकीच्या कोपऱ्यात राहतं. खाली पोचणारच नाही."

"मग?"

त्यांनी विचार केला, समोरच्या औषधाच्या दुकानात गेले आणि सलाइनची रिकामी बाटली आणि नळी घेऊन आले. इंजिनाची टाकी काढली. जिथे टाकी होती तिथे एक गज उभा केला, त्यावर बाटली टांगली, नळी खाली जोडली. "आता थेंब वाया जाणार नाही. पेशंट जगला तर कळवा."

इंजिन टेंपोत चढवलं. संध्याकाळच्या गर्दीत टेंपोच्या मागे स्कूटर, पुलावर अर्धा तास. मीनल प्रत्येक थांब्याला घड्याळ बघत होती, आणि मी तिच्या खांद्यावरून तेच घड्याळ. वसतिगृहावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. इंजिन चाकाशेजारी उतरवलं, पट्टा चढवला. तळ्यात पाणी फिरत होतं, एवढं ऐकू आलं.

गुरुवार

सकाळी साडेसहाला मीनलने बशी पाण्यात सोडली. पाच बोटं बुडाली, बशी दिसत होती. आठ, दहा, वीस. बशी तळाला टेकली आणि तरीही तिच्या कडेची निळी रेघ स्पष्ट दिसत होती. पाणी पिवळट होतं, लिंबाच्या सरबतासारखं. कडेला फेस.

तिने पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. मग टाकीकडे वळून पाहिलं, वर चढली, आणि दोरी ओढून पुरचुंडी बाहेर काढली. कागदाची पट्टी तळ्यात बुडवली, रंग पाहिला. प्रयोगशाळेतून आणलेली क्लोरिन मारणारी पूड तिने अर्धी बरणी ओतली, तेव्हा बबनराव चुन्याच्या बादलीजवळ उभे होते.

"काय झालं, मॅडम?"

"मेलं, बबनराव."

"आता ह्या पुडीनं उठंल?"

"क्लोरिन जाईल. शेवाळ नाही उठणार."

त्यांनी पुरचुंडीकडे पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. ते तळ्याच्या कडेला खाली बसले. चार दिवसांत मी त्यांना प्रथमच बसलेलं पाहत होते.

घरच्या खिडकीतले पाच चंबू होते. पण चंबूतून बरणीत, बरणीतून ड्रममध्ये आणि ड्रममधून तळ्यात, असं शेवाळ वाढवत न्यायला आठवडे लागतात. आणि हातात चार तास होते. मीनलने विश्वस्तांना फोन करून भेट पुढे ढकलावी असं मी सुचवलं. ती म्हणाली, पुढे ढकलली की पार्किंग होतं. बबनरावांना तिने दोष दिला नाही. मला तर नाहीच, कारण मला काय माहीत होतं हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्या पिशवीत वही होती. पान तीन आणि पान अकरा. सात ते अकरा मी त्या तळ्याभोवती किती फेऱ्या मारल्या हे मोजलेलं नाही.

अकराला पाच विश्वस्त आले. पुढे अध्यक्ष सुमतीबाई, सत्तरीच्या, सुती नऊवारी नव्हे तर साधी गोल साडी आणि पायांत चालण्याचे बूट. त्यांच्यामागे खजिनदार, हातात पार्किंगचा नकाशा. चुना, दगड, कुंड्या यांकडे कुणी पाहिलंही नाही.

"हेच का ते शेवाळ?" खजिनदार म्हणाले. "मला तर तळ दिसतोय."

"काल दुपारपर्यंत हिरवं होतं," मीनल म्हणाली. "रात्रीत मेलं. पाण्यात क्लोरिन गेलं."

"गेलं म्हणजे? आपणहून?"

"प्रकल्प माझा आहे. जबाबदारी माझी."

"तसं नाही, बाई," बबनराव पुढे आले. टोपी हातात होती. "पावडर मी टाकली. टाकीत."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई. आपन येनार म्हनून."

खजिनदारांनी नकाशाची सुरळी तळहातावर आपटली. "बघा. सांभाळणाऱ्यालाच माहीत नाही कशाने मरतं. आणि हे आपण वर्षभर चालवायचं म्हणता?" मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "या कोण?"

"अमरावतीच्या आहेत. वर्तमानपत्रात लिहितात," मीनल म्हणाली.

"मग त्यांनाच विचारा. बाहेरच्या माणसाला तरी दिसलं असेल इथे लक्ष कुणाचं होतं."

मी वही काढली. "काल सकाळी नऊ चाळीसला बबनरावांनी पावडर सोडली," मी म्हटलं. "मी टाकीखाली उभी होते, मीनल सादरीकरणाच्या तयारीला कोथरूडला गेली होती. क्लोरिनने शेवाळ मरतं हे मीनलने मला सोमवारीच सांगितलं होतं. बबनरावांना ते बादल्यांपुरतं माहीत होतं, पुरचुंडीत तेच असतं हे नाही. मला दोन्ही माहीत होतं. दोन्ही इथे लिहिलेलं आहे. मी त्यांना थांबवलं नाही."

मीनल माझ्याकडे बघत होती.

"का नाही थांबवलं?" सुमतीबाईंनी विचारलं.

"लिहीत होते."

चाकाची मोटर घरघरत होती.

"म्हणजे एकाने धुतलं, एकीने लिहून घेतलं आणि एक सादरीकरण करत होती," सुमतीबाई म्हणाल्या. "छान. आमच्याच संस्थेत शोभता सगळे. ते इंजिन तरी चालतं का, की तेही धुतलंत?"

मीनलने मोटर बंद केली. खोकल्याच्या औषधाची ती बाटली सलाइनच्या बाटलीत ओतली, नळीतला बुडबुडा नखाने टिचक्या मारून काढला. बबनरावांनी हँडल फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिनाने ढेकर दिली, धूर सोडला आणि ते चालू लागलं. पट्टा ताणला गेला, चाक फिरलं, मेलेलं पिवळं पाणी पुन्हा गोल जाऊ लागलं. धुराला डिझेलचा वास नव्हता. भजी तळल्याचा होता. दोन विश्वस्तांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं.

सलाइनची बाटली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खाली खाली जात होती. रुग्णालयात बघतात तशी सगळे ती बघत होते. इंजिन अडखळलं, दोनदा उसळलं आणि थांबलं.

"सात मिनिटं," खजिनदार घड्याळ बघून म्हणाले. "इतक्या महिन्यांची सात मिनिटं."

"हो," मीनल म्हणाली.

"आणि पुढे?"

"पुढे आठ. किंवा सहा. तेच मोजायचंय."

सुमतीबाई वाकल्या, बशीची काठी उचलली आणि पाण्यात सोडली. बशीकडे थोडा वेळ पाहिलं. बबनरावांना विचारलं, "ही कशाला?" त्यांनी सांगितलं, बोटांसकट.

"पुन्हा चार बोटं व्हायला किती दिवस?"

"ऊन राहिलं तर तीन आठवडे," मीनल म्हणाली.

"मग त्यानंतर येऊ कधी तरी. बशी गेली तर उन्हाळा तुमचा. बशी दिसली तर पार्किंग." त्या खजिनदारांकडे वळल्या. "आणि तारीख कळवायची नाही. कळवली की हे धुतात."

"तोवर मुलींच्या गाड्या?"

"मुलींना म्हणावं, चाला जरा. कर्वेनगर काही पळून जात नाही."

संध्याकाळी मीनलने मुगवड्यांची भाजी केली, आमच्याकडची, भरपूर तिखटाची. एक चंबू बरणीत ओतून झाला होता. बरणी जेवणाच्या टेबलावर होती, आमच्या दोघींच्या मध्ये, आणि तिच्यातून हवेचे बुडबुडे येत होते.

"काकू," ती म्हणाली, "सकाळीच काहून नाही सांगितलं मले?"

मी पिशवीतून वही काढली आणि मिटलेलीच टेबलावर ठेवली. तिने ती बाजूला सरकवली आणि माझ्या ताटात भाजी वाढली.

अमरावती

परतल्यावर वानखेडे सर फाटकाशी आले. मी सांगितलं, निघतं, पण सात मिनिटांपुरतं. सरांनी विचार केला आणि विचारलं, "मंग कशाला एवढं?" मी म्हटलं, तुमच्या वेल्डिंगचा पहिला टाका किती मजबूत होता? ते आत जाऊन रिकामा डबा घेऊन आले, पुढच्या खेपेला डिझेल आणायला लागेल म्हणून.

त्या दिवसापासून सकाळी साडेसहाला बबनराव फोनवर एक फोटो पाठवतात. पाणी, काठी, बशी. खाली आकडा. सुरुवातीला बशीच दिसायची, आकडा नसायचा. मग बारा. मग दहा. मध्ये दोन दिवस ढग आले आणि दहावरच अडकलं. त्या दोन्ही दिवशी मी दुपारी गच्चीवर जाऊन आभाळ पाहिलं, अमरावतीचं. मग आठ. सहा. रोज आकड्याखाली एकच वाक्य, "आज आले न्हाईत."

तीन आठवडे होऊन चार दिवस झाले. विश्वस्त अजून आलेले नाहीत. ते सोमवारी येतील की मे महिन्यात, कुणालाच माहीत नाही, आणि मीनल म्हणते, हाच आता प्रयोगाचा सगळ्यात अवघड भाग आहे.

आजच्या फोटोत काठी आहे, पाणी हिरवं आहे, बशी नाही. आकडा चार. फोटोच्या कोपऱ्यात वाटेचे दगड दिसतात, त्यांचा चुना गळून गेला आहे. खाली बबनरावांनी लिहिलं आहे:

"आज आले न्हाईत. टाकी लई घाण हाय. हात लावला न्हाई."